आई-बाबांसाठी घरात वायफायवाली म्युझिक सिस्टिम घ्यायचीय, कुठून सुरुवात करू?

नव्या घरातली (शनिवार, सकाळी ११:१०)

नमस्कार मंडळी. आई-बाबा गेल्या महिन्यात नाशिकहून आमच्याकडे कोथरूडला कायमचे राहायला आलेत. बाबा ७४, आई ७०. बाबांचं ऐकणं म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, पहाटे साडेपाचला सुरू. आईला स्वयंपाक करताना विविध भारती लागते. सध्या दोघंही मोबाईलच्या स्पीकरवर ऐकतायत आणि मला ते बघवत नाही, बाबा फोन कानाशी धरून बसतात, एका बाजूने ऐकायला कमी येतं त्यांना.

हॉल ११ बाय १६ फूट आहे, टीव्ही ११ फुटाच्या भिंतीवर, समोर सोफा. बजेट साठ-सत्तर हजार, थोडं वरखाली चालेल. वायफाय आहे घरात. मला यातलं काहीच कळत नाही, दुकानात गेले तर एकाने साउंडबार दाखवला, दुसऱ्याने १२०० वॉट लिहिलेलं होम थिएटर, तिसरा म्हणाला ब्लूटूथचा टॉवर घ्या मॅडम सगळे तेच नेतात. बाबांच्या १८० कॅसेट आणि डेक पण सोबत आलाय, तो चालू करता आला तर सोन्याहून पिवळं.

कोणी नीट समजावून सांगाल का?

डोंबिवली फास्ट (शनिवार, दुपारी १२:०२)

एवढं डोकं लावू नका. एक चांगला वायफाय स्मार्ट स्पीकर घ्या, एक हॉलला एक किचनला, झालं. वायर नाही, धूळ पुसायला सोपं, आवाजाने चालतो. माझ्या सासूबाईंना अलेक्सा घेऊन दिलाय, "अलेक्सा, आशाताईंची गाणी लगाओ" म्हणतात आणि लागतात. बजेटच्या चौथ्या हिश्शात काम होईल. वयस्कर माणसांना बटणं आणि वायरींचं जंगल नको असतं हे मी अनुभवाने सांगतोय.

सुरपेटी (शनिवार, दुपारी ३:३५)

थोडं सविस्तर लिहितो, विषय जिव्हाळ्याचा आहे.

आधी ब्लूटूथ आणि वायफाय यातला फरक, कारण दुकानात दोन्हीला "वायरलेस" म्हणूनच विकतात. ब्लूटूथमध्ये गाणं तुमच्या फोनमधून निघून स्पीकरला जातं. म्हणजे फोन आला की गाणं थांबलं, फोन घेऊन बाबा गॅलरीत गेले की तुटायला लागलं, व्हॉट्सॅपची टिंग पण त्यातच वाजते. शिवाय हवेतून पाठवण्यासाठी गाणं परत एकदा दाबलं जातं. एसबीसी या साध्या दाबायच्या पद्धतीत साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला हजार बिटचं माप) जातं, सोनीचं एलडॅक असेल तर ९९० पर्यंत, पण ते फोन आणि स्पीकर दोघांतही असावं लागतं आणि आयफोनमध्ये एसबीसी आणि एएसी एवढंच आहे. सीडीचा मूळ आकडा १४११ आहे, त्यावरून अंदाज घ्या.

वायफायवर गूगलचं क्रोमकास्ट किंवा स्पॉटिफायचं कनेक्ट वापरलं तर डबाच स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढतो, फोन फक्त रिमोट. फोन बंद करून ठेवला तरी राग चालू राहतो. (ॲपलच्या एअरप्लेला मात्र गाणं बहुतेक वेळा आयफोनमधूनच जातं, तरी दर्जा ब्लूटूथपेक्षा चांगला आणि फोन आला तर तेवढा गोंधळ होत नाही.) तुमच्या बाबांसाठी हा फरक मोठा आहे, कारण तासभराचा बडा ख्याल मध्येच तुटला तर ऐकणाऱ्याची बैठक मोडते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सिस्टिममध्ये तीन गोष्टी असतात: गाणं आणणारा डबा म्हणजे स्ट्रीमर, त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर (ॲम्प), आणि स्पीकर. स्पीकर नीट ठेवले तर तीस वर्षं जातात. ॲम्प पंधरा-वीस. स्ट्रीमरचं आयुष्य मात्र कंपनीच्या सर्व्हरवर आणि ॲपवर असतं. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ हा छोटा स्ट्रीमर २०१५ ला आला, जानेवारी २०१९ मध्ये बनवणं बंद, आणि मार्च २०२५ मध्ये एका सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून जगभरचे जुने क्रोमकास्ट एका दिवसात चालेनासे झाले, काही दिवसांनी गूगलने दुरुस्त केलं ते वेगळं. सोनॉसने मे २०२४ ला नवं ॲप आणलं त्यात अलार्मसारख्या साध्या गोष्टी गायब होत्या, त्यांच्या सीईओला माफी मागावी लागली. बोसने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की साउंडटच या स्पीकर-मालिकेची क्लाउड सेवा २०२६ मध्ये बंद करणार. या सगळ्या चांगल्या कंपन्या आहेत, पण एकाच डब्यात तिन्ही गोष्टी असल्या की सर्वात आधी म्हातारी होणारी वस्तू बाकी दोघांना घेऊन जाते.

म्हणून माझं मत, पैसे स्पीकरवर घाला, स्ट्रीमर असा घ्या की पाच वर्षांनी बदलला तरी स्पीकर जागचे हलणार नाहीत.

डोंबिवली फास्ट (शनिवार, दुपारी ४:१०)

सुरपेटी, तुमचं तांत्रिक बरोबर असेल, पण घरात ७० च्या पुढची दोन माणसं आहेत. त्यांना आज ऐकायचंय. तीस वर्षं टिकणाऱ्या स्पीकरचा हिशोब त्यांच्यासाठी का मांडायचा? आणि आमच्याकडे ४५० स्क्वेअर फुटात सहा माणसं राहतो, तिथे दोन स्पीकर, ॲम्प, डेक, वायरी कुठे ठेवायचं माणसाने? स्मार्ट स्पीकर फ्रिजवर राहतो.

अंतरा (शनिवार, संध्याकाळी ६:४८)

डोंबिवली फास्ट, जागेचा मुद्दा खरा आहे, पण आवाजाने चालवण्याचा मुद्दा शास्त्रीयवाल्यांना उपयोगी पडत नाही हे माझ्या घरचं सांगते. अलेक्साला २०१९ पासून हिंदी कळतं, मराठी नाही. सिनेमाची गाणी पटकन लागतात. पण "भूप लाव" म्हटलं की कोणाचा, कोणता, विलंबित की द्रुत, त्याला काय कळणार. माझे सासरे तीनदा सांगून बघायचे, चौथ्यांदा गप्प बसायचे. शेवटी त्यांनी सांगणंच बंद केलं आणि आम्हाला वाटत होतं त्यांना आता ऐकायची इच्छा राहिली नाही.

स्ट्रीमिंगवर मराठी नावांचा पण गोंधळ असतो. एकच नाट्यपद तीन स्पेलिंगने, गायकाच्या जागी संगीतकार, अल्बमच्या जागी नुसतं "व्हॉल्यूम टू". त्यामुळे एक रविवार काढा, बाबांना शेजारी घेऊन बसा, ते नावं सांगतील तुम्ही शोधा आणि पहाट, दुपार, संध्याकाळ अशा प्लेलिस्ट करून ठेवा. आम्ही तसं केल्यावर फरक पडला. आणि पैसे भरून घ्या ती सेवा, आलाप रंगात आला असताना मध्ये जाहिरात लागणं म्हणजे काय होतं ते ऐकणाऱ्यालाच कळतं.

नव्या घरातली (शनिवार, रात्री ९:२०)

बापरे किती छान लिहिताय सगळे, एकेक प्रतिसाद दोनदा वाचला.

डोंबिवली फास्ट, "त्यांना आज ऐकायचंय" हे मला लागलं आणि पटलं पण. पण अंतराने लिहिलंय तसंच बाबांचं होईल, ते यंत्राशी बोलणार नाहीत. त्यांना बटण पाहिजे. आईलाही.

अजून एक, कदाचित उपयोगाचं नसेल. डेकबरोबर बाबांचे जुने दोन लाकडी स्पीकर पण आलेत, १९८५ ला डेकबरोबरच घेतलेले, तेव्हाच्या एका भारतीय कंपनीचे. मागे ८ ओहम लिहिलंय. मोठ्या गोलाच्या कडेचा फोम हात लावला की चुरा होऊन पडतोय, त्यामुळे ते गॅलरीत ठेवलेत, उद्या भंगारवाला येणार आहे. नवीन बुकशेल्फ स्पीकर घ्यायचे झाले तर कोणते बघू?

मांडवीकाठ (शनिवार, रात्री ९:३१)

भंगारवाल्याला देऊ नका!! उद्या सकाळी आधी फोन करून त्याला नको सांगा मग पुढचं वाचा.

फोमची कड जाणं म्हणजे स्पीकर गेला असं नसतं. मी पणजीला राहतो, आमच्या दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत विरघळतो, रबराची कड असेल तर कितीतरी जास्त टिकते. फोमची कड हा गाडीच्या टायरसारखा भाग, तो बदलता येतो. कोन, कॉइल, लोहचुंबक सगळं ठणठणीत असू शकतं. मी वडिलांच्या स्पीकरचं दोनदा केलंय.

आता तपासायचं कसं ते सांगतो. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या, स्पीकरच्या मागच्या दोन टोकांना वायरीने क्षणभर लावा. लालला प्लस लावलं की मोठा कोन बाहेर सरकून "टक" असा आवाज आला पाहिजे. आला म्हणजे कॉइल जिवंत आहे. क्षणभरच लावा, धरून ठेवू नका. मग मोठ्या कोनवर मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं सारखी ठेवून अगदी हलक्या हाताने आत दाबा आणि सोडा. खरखर लागली तर कॉइल घासतेय, गुळगुळीत गेला तर नशीब जोरावर. वरचा बारीक आवाज देणाऱ्या छोट्या ट्वीटरला बोट लावू नका, सेल पण नको, त्याचं ॲम्प आल्यावर बघू.

नव्या घरातली (रविवार, सकाळी ८:०५)

दोन्ही स्पीकरमध्ये टक आला!! बाबाच आले सेल घेऊन, मी वाचून दाखवत होते आणि त्यांनी केलं. एकात खरखर अजिबात नाही, दुसऱ्यात किंचित, पण बाबा म्हणतात ती फोमचे तुकडे आत पडल्यामुळे असेल. भंगारवाल्याला नको सांगितलं.

आता पुढे काय? पुण्यात हे कोण करतं?

वायरमन (रविवार, सकाळी १०:५०)

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथे विचारत जा, स्पीकर रिपेअरवाले अजून आहेत. मुंबईत असता तर लॅमिंग्टन रोड सांगितला असता. नेताना पूर्ण पेटी नेऊ नका, ड्रायव्हर म्हणजे आतले गोल स्क्रू काढून तेवढेच न्या, वायरी काढायच्या आधी फोटो काढून ठेवा कुठली कुठे होती, प्लस मायनस उलटं झालं तर दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध हलतात आणि खालचा आवाज गायब होतो.

रिपेअरवाल्याला चार गोष्टी सांगा. रबर कड मिळत असेल आणि मूळ फोमइतकी मऊ असेल तरच घ्या, कडक रबर लावलं तर आवाज बदलतो, नाहीतर चांगला फोमच लावा. कोन मधोमध बसलाय ना ते मंद सूर वाजवून बघायला सांगा. डिंक रात्रभर सुकू द्या, घाईत परत घेऊ नका. आणि पेटीच्या आतल्या क्रॉसओव्हरवर (वरचा आणि खालचा आवाज वेगळा करणारं सर्किट) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील ते चाळीस वर्षांत सुकलेले असतात, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे नवीन नॉन-पोलराइज्ड टाकून घ्या. खर्चात तो भाग अगदी किरकोळ असतो पण ट्वीटरचा आवाज त्याच्यामुळे उघडतो.

आता १२०० वॉटचं. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका, आरएमएस म्हणजे सतत मिळणारी ताकद विचारा. तुमचे स्पीकर समजा ८८ डेसिबलचे आहेत, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ८८. सोफा तीन मीटरवर असेल तर मोकळ्या जागेच्या हिशोबाने साडेनऊ डेसिबल कमी, म्हणजे ७८ च्या आसपास, आणि खोलीच्या भिंतींमुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच. घरात ते मोठं वाटतं. एका वॉटला! म्हणजे ५०-६० वॉट आरएमएसचा ॲम्प तुमच्या हॉलला पुरून उरतो.

वायर: स्पीकरसाठी हजारोंची केबल घेऊ नका. पाच मीटरपर्यंत १६ गेजची शुद्ध तांब्याची, किंवा सरळ इलेक्ट्रिकच्या दुकानातली दोन कोअर अडीच स्क्वेअर एमएम. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम नको, खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत द्या.

इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर ॲम्प गुणगुणतो.

जर्सीकर (रविवार, रात्री ८:१५)

हा धागा वाचून राहवलं नाही. मी न्यू जर्सीत असतो, आई-वडील साताऱ्याला, त्यांच्यासाठी असंच काही करायचंय. दिवाळीला येतोय. इथून ॲम्प आणि स्पीकर दोन्ही आणले तर चालेल का? इथे सेलमध्ये चांगले मिळतात.

वायरमन (रविवार, रात्री ९:०५)

जर्सीकर, साधे पॅसिव्ह स्पीकर बिनधास्त आणा, त्यांना विजेचा प्लगच नसतो त्यामुळे १२० व्होल्ट की २३० हा प्रश्नच येत नाही. ॲम्पच्या मागे बघा, १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदला. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर इथे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि एक दिवस कोणीतरी तो बाजूला करून सरळ भिंतीत लावेल आणि ॲम्प जळेल, साताऱ्याला तुम्ही नसणार ते बघायला. ॲम्प इथेच घ्या. रेकॉर्ड प्लेअर आणणार असाल तर अजून विचार करा, काहींची मोटर ६० हर्ट्झवर चालते, इथे ५० आहे, तबकडी हळू फिरेल आणि सूर उतरेल.

जर्सीकर (रविवार, रात्री ९:२०)

स्पीकर आणतो, ॲम्प तिकडेच. तुम्ही माझे बरेच पैसे वाचवलेत, मनापासून आभार.

सुरपेटी (रविवार, रात्री १०:४२)

नव्या घरातली, आता तुमचे स्पीकर उभे राहणार म्हणजे उरला फक्त डबा, आणि बजेट अर्ध्यावर आलं. तुम्हाला हवं ते सगळं एकत्र असलेला स्ट्रीमिंग ॲम्प बघा. म्हणजे वायफाय स्ट्रीमर आणि ॲम्प एकाच पेटीत, स्पीकर वेगळे. विम (WiiM) कंपनीचा ॲम्प त्यातला लोकप्रिय आहे: ८ ओहमला ६० वॉट, डेकसाठी लाइन इन, टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी, ऑप्टिकल, पुढे कधी लागला तर सबवूफरचं आउटपुट. त्याच्या रिमोटवर प्रीसेटची बटणं आहेत, आईंना १ नंबरवर विविध भारती लावून द्या, बाबांना २ वर पहाटेची प्लेलिस्ट. फोन लागणारच नाही. यामाहा, डेनॉन, ब्लूसाउंड यांचेही या प्रकारचे आहेत, दुकानात हाताळून बघा रिमोट कोणाचा सोपा वाटतो. तुमच्या घरात रिमोट हाच निर्णायक आहे.

मी काल "तिन्ही एकत्र नको" म्हणालो आणि आज दोन एकत्र सांगतोय. कारण डोंबिवली फास्ट यांचा मुद्दा. डबे जितके कमी तितकं वयस्कर माणसाला सोपं. उद्या स्ट्रीमिंगचा भाग जुना झाला तरी लाइन इनवर नवा छोटा स्ट्रीमर लावून ॲम्प चालू ठेवता येतो.

आता खोली. लोक स्पीकर निवडायला महिना घालवतात आणि ठेवायला पाच मिनिटं, उलटं पाहिजे. आपल्या हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, कोऱ्या भिंती, काचेचा सरकता दरवाजा, टाळी वाजवून बघा, मागे झंकार ऐकू येईल. तोच झंकार गाण्यात मिसळतो आणि शब्द पुसट होतात. बाबांना ऐकायला कमी येतं म्हणून आवाज वाढवावा लागतो, आवाज वाढवला की झंकार पण वाढतो. स्पीकर आणि सोफ्याच्या मधल्या जमिनीवर जाड सतरंजी टाका, दरवाजाला जाड पडदा, पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर सोफ्याच्या मागच्या भिंतीला. टाळी परत वाजवा.

स्पीकर एकमेकांपासून सहा फूट, ऐकणारा सात-आठ फुटांवर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. कोपऱ्यात कोंबू नका, मागच्या भिंतीपासून फूटभर तरी सोडा. तुमच्या खोलीचे ११ फूट म्हणजे साडेतीन मीटरला जरा कमी, त्यात ५१ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. लांबीच्या दिशेने तसंच ३५ च्या जवळ. म्हणून काही जागी बसलं की खालचा आवाज ढुमढुमतो आणि दोन फूट सरकलं की नाहीसा होतो. डग्गा घुमतोय असं वाटलं तर स्पीकरला दोष देण्याआधी स्पीकर सहा इंच पुढे घ्या, मग अजून सहा. तबल्याच्या थापेचा गोलवा आणि मागचा तानपुरा वेगवेगळे ऐकू यायला लागले की थांबा. आणि बाबांना कुठल्या कानाने कमी येतं बघून खुर्ची त्याप्रमाणे सरकवा, मधोमध बसलंच पाहिजे असा नियम त्यांच्यासाठी नाही.

जुन्या रेकॉर्डिंगबद्दल एक. ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं असतील तर त्यात वरचा आवाज नसतोच, असते ती खरखर. चकचकीत ट्रेबल असलेल्या स्पीकरवर ती खरखर कानात घुसते. तुमचे जुने मोठे पेपर कोनचे स्पीकर अशा गाण्यांना गोड वाजतील असा माझा अंदाज आहे.

डोंबिवली फास्ट (सोमवार, सकाळी ७:३०)

सुरपेटी, माझा मुद्दा लक्षात घेतल्याबद्दल धन्यवाद. मी पण काल घरी टाळी वाजवून बघितली. फ्रिजवरचा स्पीकर खाली आणून पुस्तकांच्या रॅकमध्ये ठेवला, सासूबाई म्हणाल्या शब्द कळतायत आता. आमच्या जागेत दोन स्पीकर नाही बसणार, पण जागा बदलून एवढा फरक पडतो हे माहीत नव्हतं.

नव्या घरातली (पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:१५)

अपडेट द्यायचं राहून गेलं होतं.

पासोड्या विठोबाजवळच्या एका काकांनी दोन्ही ड्रायव्हरला फोमची कड बसवून दिली, रबर त्यांच्याकडे होतं पण हात लावून कडक वाटलं म्हणून वायरमननी लिहिल्याप्रमाणे फोमच घेतला. खरखर खरंच आतल्या चुऱ्याची होती. कपॅसिटर पण बदलले. पेट्यांना बाबांनी स्वतः पॉलिश केलं, तीन दिवस गॅलरीत बसून. विमचा ॲम्प घेतला. डेकचा बेल्ट चिकट होऊन विरघळला होता, त्याच काकांनी नवा बसवून दिला.

सतरंजी टाकली, पडदा लावला, स्पीकर भिंतीपासून सव्वा फूट आलेत. आईने १ नंबरचं बटण पहिल्याच दिवशी पाठ केलं. बाबा २ दाबतात साडेपाचला, आवाज हळू ठेवून, आणि आता फोन कानाशी नसतो.

एकच अडचण आहे. मागे बारीक "हंऽऽऽ" असा आवाज येतो सतत, गाणं हळू असलं की जाणवतो. डेक बंद असला तरी येतो.

वायरमन (रविवार, दुपारी २:०५)

टीव्हीला डिश आहे का? असेल तर सेट-टॉप बॉक्सची छतावरून येणारी गोल केबल एकदा काढून बघा आणि सांगा.

नव्या घरातली (रविवार, दुपारी २:२०)

काढली. हम लगेच गेला!

वायरमन (रविवार, दुपारी २:३२)

ग्राउंड लूप आहे. छतावरच्या केबलची अर्थिंग आणि तुमच्या प्लगची अर्थिंग यात थोडा फरक असतो, तो एचडीएमआय केबलमधून ॲम्पमध्ये येतो. टीव्ही ते ॲम्प एचडीएमआय काढून ऑप्टिकल केबल लावा. त्यातून फक्त उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे लूप तुटतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंड आउटपुट ऑप्टिकल आणि पीसीएम करा. एक तोटा, टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होणार नाही, ॲम्पचा रिमोट वापरावा लागेल. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे तो.

नव्या घरातली (मंगळवार, रात्री ९:५०)

ऑप्टिकल लावली, हम पूर्ण गेला. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

शेवटचा प्रश्न. १८० कॅसेटपैकी साधारण चाळीस बाबांनी रेडिओवरून टेप केलेल्या आहेत, त्या कुठल्याच ॲपवर मिळणार नाहीत. त्या लॅपटॉपवर घ्यायच्यात. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय, यूएसबीचं रेकॉर्डिंगचं छोटं कार्ड भावाने दिलं. अख्खी बाजू एक फाइल ठेवू की गाणी तोडू?

सुरपेटी (मंगळवार, रात्री १०:३०)

आधी अख्खी बाजू एकच फाइल, फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता साठवायचा प्रकार). तोडणं नंतर कधीही होतं. सुरू करण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या, चाळीस वर्षांत टेप एकमेकांना चिकटलेली असते. डेकचा हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो भाग, स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा, दर चार-पाच कॅसेटनंतर परत. लेव्हल इतकी ठेवा की सर्वात मोठ्या आवाजालाही लाल लागणार नाही. डॉल्बीचं (टेपची सरसर कमी करणारं) बटण बंद ठेवा, बाबांनी टेप करताना चालू ठेवलं होतं असं आठवत असेल तरच चालू. खरखर काढण्याचे फिल्टर मूळ फाइलवर लावू नका, प्रत करून तिच्यावर करा. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक भावाकडे.

आणि प्रत्येक बाजू सुरू करायच्या आधी बाबांना माइकसमोर बसवा. कोण गातंय, साथीला कोण, कधी टेप केलं, त्यांना आठवेल तेवढं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा आणि तीच फाइलची सुरुवात ठेवा. कॅसेटच्या पट्टीवरची शाई उडते.

नव्या घरातली (बुधवार, रात्री ८:४०)

आज पहिली घेतली. बाबांनी राग सांगितला, गायक सांगितला, तबल्यावर कोण ते पण सांगितलं. साल आठवेना. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, सत्त्याऐंशी, सई तेव्हा रांगत होती आणि सारखी डेकचं बटण दाबायची म्हणून तुम्ही तो कपाटावर ठेवला होता. तेही रेकॉर्ड झालंय, तसंच ठेवलं.